इबूत न लागलेला पैलवान

शुक्रवार पेठंत आमच्या गल्लीच्या तोंडाला गौराबाईचं किराणा दुकान हुतं. दुकान गौराबाईचं म्हणायचं, पण चालवायची तिची थोरली सून पवित्रा. गौराबाई गादीवर बसून पैसं घ्यायची आन् गिऱ्हाइकाच्या चौकश्या करायची. पोती उचलायची, साखर तोलायची, डाळीतलं खडं वेचायचं, ह्ये सगळं पवित्रानं. थोरला ल्योक संगमेश उद्यमनगरात लेथवर कामाला, धाकटा अमरेश शिरोलीच्या एमआयडीसीत. दोघं सकाळी डबं घिऊन जायची ती दिवस बुडाल्यावर यायची. म्हणून दुकान म्हंजी बायकांचाच कारभार.

पवित्रा मुरगूडची. बाप लहानपणीच गेलेला, मामानं वाढवलेली. मामा म्हंजी नागाप्पा पैलवान. चौऱ्याण्णव साली हिचं लगीन झालं तवा ह्यो मामा मांडवात शिरला आन् बायका नवरीला बघायचं सोडून त्येच्याकडंच बघत बसल्या. दाराएवढा माणूस! मान न्हाईच, डोस्कं सरळ खांद्यावर ठेवल्यागत. कानाच्या पाळ्या मातीत घासून घासून भज्यागत झालेल्या. पण हिला सासरी धाडताना लहान पोरागत रडला की त्यो.

त्याच सालाच्या पुढं-मागं गणपतराव म्हणून एका गोळ्या-चॉकलेटवाल्यानं डोस्कं चालवलं. पेपरमिंटच्या पुडीत त्येनं एकेक पैलवानाचं कार्ड घालायला सुरवात केली. लंगोट लावलेला पैलवान, खांद्यावर गदा, खाली नाव, गाव, वजन आन् त्येचा ठेवणीतला डाव. आन् त्यात एक नागाप्पा, मुरगूड! डाव घिस्सा! गल्लीतली पोरं दुकानाच्या कट्ट्यावर बसून वजनावर वजन लावून खेळायची. नागाप्पा सगळ्यात वजनदार. ज्येच्या हातात नागाप्पा, त्येनं डाव मारलाच म्हणून समजा. पण त्यो घावायचा न्हाय लवकर. गणपतरावानं मुद्दामच कमी छापलाता, पोरांनी पुडीमागनं पुडी घ्यावी म्हणून.

नवी नवरी पवित्रा, डोईवरचा पदर सावरत पोरांस्नी सांगायची, "माझा मामा हाय त्यो, सख्खा!"

पोरं तोंडाचा आ करून बघायची. तिला असं वाटायचं की आपुन गल्लीची पाटलीणच झालो.

गौराबाईला ते खपायचं न्हाय. गादीवरनंच म्हणायची, "लई मोठा मामा! पेपरमिंटासंगं फुकट मिळतोय."

पवित्रा गिळायची. तिच्या वाट्याला मामाची दोन-चार कार्डं आलीती, ती बी तिनं रडणाऱ्या पोरांस्नी वाटून टाकली. मामा जित्ता हाय, कागुद कशाला ठेवायचा? पुढं पेपरमिंट बंद झालं, गणपतराव बी दुसऱ्या धंद्याला लागला. उरलेली खोकी दुकानाच्या माळ्यावर गेली, मीठ-सोड्याच्या पोत्यांमागं. काही सालांनी मामा वारला. त्येचा एकच फोटो, त्यो मामीच्या लेकानं उचलून नेला. हिच्याकडं काय बी ऱ्हायलं न्हाय.

तरी पवित्राचा जीव एका गोष्टीत हुता. एकदा गौराबाई तापानं फणफणली हुती, तवा हिनं रातध्याड सेवा केली. तवा म्हातारी म्हणलीती, "माझं डोळं गेलं की ही गादी तुझी, पवित्रा. तू तोलतीस, तूच बसायचंस." तेवढ्या एका शब्दावर तिनं वरसं काढली. पाठ मोडायची, पण तागडी खाली ठेवताना तिची नजर गादीकडं जायची. एक दिस आपुन तिथं टेकून बसायचं आन् दुसऱ्या कुणीतरी तोलायचं.

आन् मग धाकटी आली. शांभवी. जयसिंगपूरची, कॉलेज शिकलेली, बापाचं कापडाचं दुकान. बोलायला गोड, हसायला गोड. आल्या आल्या तिनं काय केलं? दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावर चढली आन् ती खोकी खाली काढली.

"अगं बाई! आक्का, ही कार्डं! माझा भाऊ ह्याच्यापायी जेवायचा न्हाय!"

पवित्रा खाली साबणाच्या वड्या लावत हुती. म्हणली, "उंदरांनी खाल्ली असतील. दे चुलीत टाकून."

"चुलीत? आक्का, ह्याला गिऱ्हाईक हाय!"

तवा ते ऑर्कुट निघालतं. ते म्हंजी काय तर कम्प्युटरातली चावडी. पुण्या-मुंबईची, लांब परदेशातली माणसं बी तिथं येऊन बोलत बसायची. ज्येची त्येची आवड, त्येचा त्येचा कंपू. त्येला कम्युनिटी म्हणायचे. जुन्या खेळाच्या कार्डांची बी एक कम्युनिटी हुती. शांभवी मोबाईलवर कार्डाचा फोटो काढायची, महाद्वार रोडच्या नेटकॅफेत जाऊन तिथं लावायची, आन् ती मोठी मोठी नोकरीवाली माणसं ती कार्डं मागायची! लहानपणी हरवलेली, आईनं रद्दीत घातलेली, मित्रानं ढापलेली. शांभवी दोन पुठ्ठ्यांच्या मधी कार्ड घालून कुरियर करायची.

घरात मग तिचं कायदं सुरू झालं. कार्ड धरायचं तर हात धुवून, कडंला धरायचं. चित्रावर बोट न्हाय. तेलाचा हात न्हाय, हळदीचा तर न्हाईच. लग्नाच्या अल्बमात असतंय तसल्या प्लास्टिकच्या खिशात एकेक कार्ड घालून ठेवायचं.

"जरा जरी डाग पडला आक्का, तर त्याला कोणी हुंगत बी न्हाय," शांभवी सांगायची.

पवित्रा मनात म्हणायची, मी रोज डाळ-तांदूळ तोलते त्येला कोण हात धुवून धरतंय का?

आन् गल्लीचं बघा. जी गल्ली पवित्राला "ए, पावशेर शेंगदाणं दे" म्हणून हाका मारायची, ती आता शांभवीवैनी, शांभवीवैनी करायला लागली. एक दिस कुरियरवाला दुकानापुढं गाडी लावून इचारतोय, "शांभवीवैनींचं दुकान ह्येच का?"

पवित्रा गुळाची ढेप फोडत हुती. तिचा कोयता तसाच वर ऱ्हायला.

"व्हय पावणं, ह्येच," गौराबाईनं गादीवरनं सांगितलं. वर हसली बी!

त्या दिशी पवित्राला जेवान गेलं न्हाय. रातच्याला नवऱ्याला म्हणली, "कुणाचं दुकान म्हणला त्यो, ऐकलंसा?"

संगमेश भाकरी मोडत म्हणला, "म्हणू दे की. नाव घेतल्यानं दुकान हलतंय व्हय?"

"तुमचं डोस्कं लेथमधीच राहूंदे."

पण खरी आग लागली ती मामावरनं. एका संध्याकाळी शांभवी उड्या मारतच कॅफेतनं आली. "आत्ती, नागाप्पा गेला! एकट्या नागाप्पाला दहा कार्डांची किंमत!"

पवित्राच्या हातातलं माप सांडलं. गहू सगळा कट्ट्यावर.

"कोण नागाप्पा?" पवित्रानं इचारलं, जशी ओळखतच न्हाय.

गौराबाई खो खो हसली. "अगं शांभवी, तुझ्या आक्काचा मामा की त्यो! इकलास व्हय मामाला?"

शांभवीचं तोंड उतरलं. "आक्का... तुम्ही कवा बोललाच न्हाय. माळ्यावरच्या सगळ्या ढिगात दोनच निघालेते. आता एक ऱ्हायलाय, पण त्यो सेटात लागतोय. शिरोळचे एक हायत, यशराज म्हणून, पुण्यात असत्यात. त्यांचा सगळा सेट दोन हजार पाचच्या पुरात गेला. त्यास्नी आख्खा सेट द्यायचा शब्द दिलाय मी. दुसरा नागाप्पा घावला की पयला तुम्हाला. आईशपथ."

"मला नगं," पवित्रा म्हणली. "कागदाचा मामा घिऊन काय करू?"

पण आतनं नुसती जळत हुती. माझ्या मामाच्या मांडीवर मी वाढले, आन् त्यो मला हिच्या हातनं मिळणार? ही देणार तवा मी घ्यायचा?

त्या साली गौराबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. सुट्टं पैसं चाचपडायला लागली. दसऱ्याच्या आदल्या हप्त्यात जेवताना म्हणली, "आता काय मला दिसंना. खंडेनवमीला पूजा करायची आन् दसऱ्याला मी गादीवरनं उतरायची."

पवित्रानं कान टवकारलं. आता नाव घेतील. घेतील माझं.

"कुणाला बसवायचं त्ये बघू," गौराबाई म्हणली. "पवित्रा हाय. पर शांभवीनं बी दुकानाचं नाव लांबवर नेलं. बघू."

बघू! एवढ्या वरसांचा शब्द, आन् आता बघू! समोर शांभवी मान खाली घालून ताक पीत हुती. पवित्राला वाटलं, ही मनात हसतीया.

खंडेनवमी आली. ह्या लिंगायत घरात रीत अशी, की धंद्याची एकूणएक वस्तू धुवून-पुसून मांडायची आन् तिला इबतीची, म्हंजी भिजवलेल्या भस्माची, तीन बोटं वढायची, मधी कुकू. तागडी, मापं, गुळाचा कोयता, पोत्याचा हूक, गल्ल्याची पेटी, संगमेशची सायकल. कशाला सोडायचं न्हाय. ज्येला सोडलं त्यो रुसला, असं गौराबाई म्हणायची.

शांभवी त्या दिशी जयसिंगपूरला गेलती, बापाच्या दुकानाच्या पूजेला. सकाळी येणार हुती, आन् यशराज बी दसऱ्याला शिरोळला घरी यायचा, तिथनं हिकडं. आख्खा सेट तिनं अल्बमात लावून गल्ल्याशेजारी ठेवलाता.

गौराबाई सोवळ्यात बसून एकेक वस्तू चाचपत हुती. हाताला अल्बम लागला. "ह्ये काय गं?"

"शांभवीची कार्डं."

"मग लाव की त्येला इबूत. त्यो बी धंदाच न्हवं?"

"वर प्लास्टिक हाय," पवित्रा म्हणली.

"प्लास्टिकाला इबूत लावतीस व्हय? काढ. आतल्या देवाला लाव."

पवित्रानं अल्बम फुड्यात वढला. तिला ठावं हुतं. चांगलं ठावं हुतं! ह्या घरात सासूला ठावं नव्हतं, नवऱ्याला ठावं नव्हतं, पर डागाचा कायदा तिच्या कानावर रोज पडलाता. तोंड उघडून एवढंच म्हणायचं हुतं, "आत्ती, खराब हुतील." एवढंच. ते तिच्या ओठावर आलं, आन् तिनं ते गिळलं. सासूचा हुकूम हाय. देवाचं काम हाय. मी कोण न्हाय म्हणणारी?

पदर खोचला आन् बसली. एकेक कार्ड खिशातनं बाहीर. भिजलेली इबूत, तीन बोटं, पैलवानाच्या छातीवरनं आडवी. मधी कुकवाचा ठिपका, चांगला दाबून. कागुद ओला व्हायचा, पोपडा धरायचा. दुसरा पैलवान. तिसरा. तिचा हात असा चालत हुता जसा धुणं धुताना चालतोय. म्हातारी बाजूला बसून मंत्र पुटपुटत हुती आन् मधनंच म्हणत हुती, "श्यानी हाय माझी थोरली. मन लावून करतीया."

आन् मग हातात मामा आला.

तीच मिशी. त्येच भज्यासारखं कान. पवित्राची तीन बोटं इबतीत बुडवलेली, वरच ऱ्हायली. लई दिसांनी दिसला त्यो. तिनं हात आधी पदराला पुसला, मग कार्ड कडंला धरलं, चित्राला बोट न लावता. हळूच परत प्लास्टिकात सारलं. आन् फुडचा पैलवान घेतला.

दसऱ्याच्या सकाळी शांभवी आली ती पावण्याला संगं घिऊनच, स्टँडवरच गाठ पडलेली. यशराज म्हंजी चष्म्यातला, गोरा, पण बोलायला शिरोळचाच. गौराबाईच्या पाया पडला. चहा झाला. सोनं देणंघेणं झालं. शांभवीनं अल्बम त्येच्या हातात दिला.

त्येनं उघडला आन् चष्मा पुसून परत बघितलं.

"वैनी, हे काय हो?"

शांभवीनं बघितलं.

"खराब झाली की सगळी!" यशराज पानं उलटत म्हणला. "ही बघा... ही बघा... चिकाटलीत!"

"काय म्हणलास?" गौराबाईनं मान वर केली. "इबतीला खराब म्हणलास?"

"तसं न्हाय आजी, पण डाग..."

"डाग? इबूत म्हंजी डाग? माझ्या दारात बसून?"

शांभवी मधी पडली. "आत्ती, त्यांची चूक न्हाय. कार्डाला काय बी लागलं की त्येची किंमत जाती. खराबच म्हणत्यात त्येला."

झालं! गौराबाईचा चेहरा तापलेल्या तव्यागत झाला. "तू बी? ह्या घरची सून म्हणवतीस आन् इबूत लागल्यानं खराब हुतंय म्हणतीस? अगं, थोरलीनं कंबर मोडंपतूर बसून एकेकाला लावली. आन् तुला त्यात डाग दिसला!"

पवित्रा मागं पोत्याला टेकून उभी हुती. तिच्या अंगावर काटा आला, पर गोड काटा. बोलायची गरजच नव्हती.

यशराज बिचारा तरी पानं उलटत हुता. शेवटाकडं थांबला. "वैनी, ह्यो एक चांगला हाय बघा. नागाप्पा. एकदम कोरा! ह्यो तेवढा द्या. माझा पुरात गेलाय ओ, ह्यो एक मिळाला तरी माझं आलेलं सार्थक हुईल."

शांभवीनं त्या कार्डाकडं बघितलं. सगळ्यांच्या छातीवर इबूत, ह्या एकट्याची छाती कोरडी. मग तिनं मान वळवून पवित्राकडं बघितलं. जास्त न्हाय, एक बार. पवित्राला तिच्या डोळ्याला डोळा भिडवता आला न्हाय, ती पोत्याची सुतळी बांधायला लागली, बांधलेलीच.

"ह्यो विकायचा न्हाय," शांभवी म्हणली.

"वैनी, शब्द दिलाता तुम्ही."

"आख्ख्या सेटाचा दिलाता. सेट ऱ्हायला न्हाय. माफ करा भाऊजी."

यशराज गेला. आपट्याची पानं खिशात घालून, खांदं पाडून गेला.

त्याच दुपारी गौराबाईनं गादीवरचा तक्क्या झाडला, पवित्राचा हात धरला आन् बसवलं. कमरेच्या किल्ल्या तिच्या कमरेला. संगमेश पेढं घिऊन आला. गल्लीतल्या बायका जमल्या. कोण म्हणली, "बाई गं, हक्काच्या जाग्यावर बसलीस." पवित्रा टेकून बसली. केवढ्या वरसांनी पाठ टेकली! समोर शांभवी पदर खोचून तागडीपाशी उभी हुती.

बायका गेल्या, म्हातारी आत पडली. तवा शांभवी गादीपाशी आली. गल्ल्याच्या टेबलावर काच हुती, तिच्याखाली देवाचं कॅलेंडर. तिनं काच उचलली, कोपऱ्यात ते कार्ड सारलं आन् काच खाली ठेवली. नागाप्पा, मुरगूड, डाव घिस्सा.

हळूच म्हणली, "आक्का, तुमच्या मामाला तेवढी इबूत लावायची ऱ्हायली बघा."

आन् साखरेच्या पोत्याचं तोंड सोडायला गेली.

पवित्रा मनात म्हणली, आता सांगंल. रातच्याला नवऱ्याला सांगंल, सकाळी सासूला सांगंल. तिनं मनात चार-पाच उत्तरं जुळवून ठेवली. शांभवीनं सांगितलं न्हाय. त्या हप्त्यात न्हाय, दिवाळीत न्हाय, संक्रांतीत न्हाय. सकाळी उठून तागडी तोलायची, हसून बोलायची, "आक्का, चहा ठेवू का?" म्हणायची. कॅफेत बी जायची, दुसरी दुसरी कार्डं हुडकून इकायची. लांबनं माणसं यायची आन् गादीवरच्या पवित्राला इचारायची, "शांभवीवैनी कुठं हायत?"

"आत," पवित्रा सांगायची. आन् नजर खाली, काचंवर. मामा गदा घिऊन उभा.

पुढच्या खंडेनवमीला गादीची मालकीण म्हणून पवित्रानंच पूजा केली. तागडीला इबूत, मापांना, किल्ल्यांना, पेटीला. टेबलाच्या काचंला तीन बोटं वढत वढत ती कोपऱ्यापतूर आली आन् तिथं तिची बोटं थांबली.

गौराबाईचा एक डोळा आपरेशननं उघडलाता. "ह्यो कोपरा कोरडा का ठेवलास गं?"

पवित्रा ताटातली इबूत उगंच कालवायला लागली.

तागडीपासनं शांभवीच बोलली, "मामा हायत न्हवं तिथं आत्ती. वडीलधाऱ्याच्या तोंडावर बोट कसं फिरवतील? नमस्कार करत्यात आक्का त्यास्नी."

"व्हय, त्ये बी खरं," म्हातारी म्हणली आन् आत गेली.

पवित्रा जळून खाक झाली. हिनं दुसऱ्या बारी वाचवलं मला! गादी घेतली मी, किल्ल्या घेतल्या, आन् मोठं मन बी देवानं हिच्याच पदरात घातलं? मला का न्हाय ते?

"शांभवी," तिनं दातओठ खात हाक मारली.

"काय आक्का?"

"एकदा तरी भांड की गं माझ्यासंगं!"

शांभवीनं तागडीचं पारडं पुसून वर टांगलं. "कशावरनं भांडू आक्का?" म्हणली, आन् इबतीचं ताट उचलून आत गेली.